नामशेष अस्वलांचा आहार (भाग ७) : ज्वारीचा कार्बन

वनस्पती हवेतला कार्बन डायऑक्साइड कोणत्या रीतीने बांधते, यावर तिच्यात कार्बन-१३ किती उतरेल हे ठरते. अशा दोन मुख्य रीती आहेत आणि वऱ्हाडात त्या एकाच धुऱ्याच्या अल्याड-पल्याड उभ्या असतात. कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा, गहू ही पिके पहिल्या रीतीची. त्यांच्यात जड कार्बन कमी असतो आणि मोजपट्टीवर त्यांचे मूल्य दर हजारी उणे २७ च्या आसपास येते. ज्वारी, बाजरी आणि मका दुसऱ्या रीतीचे. ही पिके कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनी आम्लात पकडून पानात साठवतात. त्यामुळे हलका-जड निवडायला फारसा वाव उरत नाही आणि मूल्य उणे १२ च्या जवळ राहते. उन्हात तगणाऱ्या पिकांची ही रीत आहे.

मेळघाटातही हीच विभागणी दिसते. साग, मोह, टेंभुर्णी, बोर, चारोळी, जांभूळ ही सगळी झाडे पहिल्या गटात मोडतात. कुसळी, मारवेल, पवन्या ही माळावरची गवते ज्वारीच्या गटातली. बांबू मात्र गवत असूनही गव्हाच्या बाजूला बसतो. त्यामुळे ‘झाड एका बाजूला, गवत दुसऱ्या बाजूला’ हा सोपा नियम इथे पुरा पडत नाही.

खाणाऱ्याच्या हाडातल्या कोलॅजनचे मूल्य अन्नाच्या मूल्यापेक्षा साधारण पाचने वर असते. केवळ पहिल्या गटावर जगलेल्या प्राण्याचे कोलॅजन उणे २२ च्या आसपास येईल, केवळ दुसऱ्या गटावर जगलेल्याचे उणे ७ च्या आसपास. या दोन टोकांत पंधराचे अंतर आहे. एखाद्या हाडाचे मूल्य उणे १७ भरले, तर ते पहिल्या टोकापासून पाच पायऱ्या वर आहे. म्हणजे ढोबळ हिशेबाने त्याच्या कार्बनचा एक तृतीयांश भाग ज्वारी-गवताच्या गटातून आला.

मागील भागावर आलेली शंका वाजवी आहे : अस्वल वाळवी आणि मुंग्या खाते, मग झाडांचा हिशेब कशासाठी? वाळवीचा कार्बनही वनस्पतीचाच असतो. सागाच्या पडक्या ओंडक्यावर जगणारी वाळवी पहिल्या गटाचा कार्बन पुढे देते, ज्वारीच्या धसकटांवर आणि वाळक्या गवतावर जगणारी दुसऱ्या गटाचा. एकट्या कार्बनवरून मोह खाल्ला की सागावरची वाळवी खाल्ली हे कळत नाही. अस्वल कोणत्या वनस्पतींच्या साखळीत जगले, एवढेच त्यातून कळते.

अडचण पुढे आहे. कोलॅजन हे प्रथिन असल्याने शरीर ते मुख्यतः अन्नातल्या प्रथिनांपासून बांधते. उंदरांना ठरावीक मिश्रणे खाऊ घालून १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी हे दाखवून दिले. ज्वारीच्या दाण्यात पिष्टमय भाग फार आणि प्रथिन सुमारे दहा टक्के, तर वाळवीत प्रथिनाचा वाटा मोठा. रानात वाळवी खाऊन रात्री शेतात ज्वारीवर ताव मारणाऱ्या अस्वलाचे कोलॅजन त्यामुळे वाळवीची बाजू ठळक दाखवेल आणि ज्वारी कमी भासवेल. हाडातल्या खनिज भागातला कार्बोनेट मात्र साऱ्या अन्नाची सरासरी सांगतो. दोन्ही मोजून त्यांतला फरक पाहिला, तर लपलेली ज्वारी उघड होते.

जुन्या हाडांत ही सोय नेहमी मिळत नाही. उष्ण प्रदेशात कोलॅजन लवकर विरते, आणि हाडाच्या सच्छिद्र खनिजात मातीतल्या पाण्याचा कार्बोनेट शिरतो. दातावरचे एनॅमल घट्ट असल्यामुळे अधिक टिकते. पण एनॅमल लहानपणीच तयार होऊन थांबते, म्हणून त्यात पिलाच्या वयाची नोंद असते, आईच्या दुधाच्या दिवसांसहित. हाड वर्षानुवर्षे बदलत राहते, म्हणून त्यात मोठेपणाची सरासरी सापडते.

आजच्या अस्वलाशी तुलना करताना हवेचाही हिशेब लागतो. कोळसा आणि तेल जाळल्याने हवेतल्या कार्बनचे मूल्य औद्योगिक काळापूर्वीपेक्षा सुमारे दोनने घसरले आहे. ती दुरुस्ती न करता मेळघाटातले आजचे हाड आणि नर्मदेच्या गाळातले जुने हाड शेजारी ठेवले, तर आहार तोच असूनही जुने अस्वल जास्त गवताळ वाटेल.

युरोपातल्या गुहा-अस्वलाच्या अभ्यासात हा सारा खटाटोप कमी लागतो. हिमयुगातल्या त्या थंड मुलखात जवळपास सर्व वनस्पती पहिल्याच गटाच्या होत्या. म्हणून तिथे कार्बन बराचसा मुका राहतो आणि भार नायट्रोजनवर पडतो. १९९६ मध्ये हिल्डरब्रँड आणि सहकाऱ्यांनी गुहा-अस्वलाच्या आहारात मांसाचा वाटा मोठा मानला, तर बोशेराँ यांच्या मोजणीतून ते शाकाहारी ठरले. हा वाद या भागात येणार होता, पण ज्वारीने जागा घेतल्याने तो पुढील भागात.

शिवालिकमध्ये चित्र पुन्हा बदलते. फाल्कनर आणि कॉटली यांनी १८३६ मध्ये तिथल्या मोठ्या नामशेष अस्वलाचे वर्णन केले. तिथल्या जुन्या मातीतल्या कार्बोनेटवरून असे दिसते, की दुसऱ्या गटाची गवते सुमारे ७० लाख वर्षांपूर्वी पसरली. त्याआधीच्या थरातल्या अस्वलाने हरीण रानात पकडले की कुरणात, हे कार्बन सांगू शकत नाही, कारण दोन्हीकडचा चारा एकाच गटाचा होता. त्यानंतरच्या थरात तोच कार्बन बोलू लागतो. मोजणी तीच, यंत्र तेच, फरक पडतो तो जमिनीवरच्या हिरवळीने. म्हणून हाडातला आकडा वाचण्याआधी त्या मुलखातल्या, त्या काळातल्या वनस्पती ओळखाव्या लागतात.