मधली धार

हुबळीच्या विद्यानगर भागातल्या त्या लॅबच्या खिडकीपाशी सकाळी रांग लागते ती बहुतेक पोटुश्या बायकांची. कुणाच्या हातात गरोदरपणाचं सरकारी तायी कार्ड, कुणाच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी. मी भाचीबरोबर गेले होते. तिला चौथा महिना लागलेला. जळजळ नाही, ताप नाही, काही म्हणजे काही त्रास नाही. तरी चिठ्ठीवर लिहिलेलं: युरिन कल्चर.

खिडकीमागच्या अक्का निर्जंतुक बाटली हातात ठेवतात आणि सोडत नाहीत. आधी सगळं ऐकून घ्यायचं. आमची बोली ऐकून त्या कानडीवरून मराठीवर आल्या. “अगोदर साध्या पाण्यानं धुवायचं, पुढून मागं. डेटॉल-बिटॉल नको. पहिली धार जाऊ द्या, मधली बाटलीत घ्या, उरलेली परत सोडा. झाकण आतून कुठं टेकवू नका.” पुढे एक वाक्य मात्र सवयीनं कानडीतच आलं, “नीर भाळ कुडीरी.” भरपूर पाणी पीत जा.

मधल्या धारेचा एवढा आग्रह का, ते आत गेल्यावर कळतं. पहिल्या धारेबरोबर बाहेरच्या कातडीवरचे जंतू वाहून जातात. तेच बाटलीत आले तर प्लेटवर तीन-चार जातींची खिचडी उगवते, आणि रिपोर्ट येतो: पुन्हा नमुना द्या. दुसरी घाई वेळेची. नमुना दोन तासांच्या आत लावायचा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायचा. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल हवेत वीस मिनिटांत दुप्पट होतो. टेबलावर राहिलेली बाटली दुपारपर्यंत भलतंच सांगू लागते.

तंत्रज्ञानं तारेचं बारीक कडं बाटलीत बुडवलं. त्यात मिलिलिटरचा बरोबर हजारावा भाग मावतो. निळसर-हिरव्या प्लेटवर त्यानं मधून एक रेघ ओढली आणि तिला आडव्या, दाट नागमोडी रेघा मारल्या. हात रांगोळीच्या हातासारखा सरावलेला. प्लेट रात्रभर 37 अंशांच्या कपाटात. ती ज्या अगारची असते, ते म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलं चायना ग्रास. जंतू वाढवायला ते वापरावं ही सूचना 1880 च्या दशकात एका गृहिणीनंच केली, फॅनी हेसेनं. तिचा नवरा रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करत होता आणि त्याचं जिलेटिन उन्हाळ्यात वितळत होतं.

दुसऱ्या दिवशी भाचीची प्लेट पिवळी झाली होती. गोल, फुगीर, एकाच जातीच्या वसाहती, मोजता येणार नाहीत इतक्या दाट. शंभर मोजल्या तरी हिशेब मिलिलिटरमागे एक लाखाचा होतो, आणि संसर्ग धरायची ही लाखाची रेघ 1950 च्या दशकात बोस्टनच्या एडवर्ड कॅस यांनी आखून दिलेली आहे. त्रास नसताना लघवीत जंतू सापडणं शंभर गरोदर बायकांत दोन ते दहा जणींच्या बाबतीत घडतं. लघवीत तपासणीची पट्टी बुडवून प्रोटीन आणि साखर कळते. जंतूंसाठी तिच्यावर विसंबता येत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 साली गरोदरपणासाठी कल्चरचीच शिफारस केली, आणि जंतू निघाले तर सात दिवसांच्या औषधाची.

घरी विहीणबाईंनी रिपोर्ट बाजूला सारला. “उन्हाळी लागली असती तर मीच धने-जिऱ्याचं पाणी दिलं असतं. पोरीला काही होत नाही, मग गोळ्या कशाला? बाळाला बाधतील.” प्रश्न रास्तच होता, आणि मला वाटतं या साऱ्या कामातला अवघड भाग हाच आहे: न दुखणाऱ्या बाईला औषध घ्यायला लावायचं. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून समजावलं. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे मूत्रनलिका सैलावतात, वाढतं गर्भाशय त्यांना दाबतं, उजवीकडे जास्त. लघवी साचते आणि खालचे जंतू वर मूत्रपिंडापर्यंत चढतात. मग आईला ताप, आणि बाळाला दिवस भरण्याआधी येण्याची भीती.

औषधही अंदाजानं नाही. त्याच जंतूंच्या दुसऱ्या प्लेटवर औषधाच्या कागदी चकत्या ठेवतात. ज्या चकतीचं औषध जंतूंना रोखतं तिच्याभोवती मोकळं वर्तुळ पडतं, आणि त्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. काही चकत्यांना जंतू अगदी चिकटून वाढले होते. मनानं आणलेल्या, अर्धवट सोडलेल्या गोळ्यांची ही करामत. वर्तुळ मोठं असूनही काही औषधं बाद होतात, कारण ती पोटुशीला चालत नाहीत: सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घरातली, टेट्रासायक्लिनच्या घरातली. भाचीला नायट्रोफ्युरँटॉइन मिळालं, जेवणाबरोबर घ्यायचं. लघवी तपकिरी होते, घाबरू नका, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं. तेवढं सांगितलं नाही तर तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद होतात.

आता पाण्याचं. हुबळी-धारवाडला मलप्रभेचं पाणी येतं, पण बऱ्याच वस्त्यांनी ते वर्षानुवर्षं काही दिवसांआड पाहिलं. 2008 च्या सुमारास मोजक्या वॉर्डांत चोवीस तास पाणी आलं. बाकीच्यांनी पिंपं भरली. तरी प्यायचं पाणी माणूस पुरवून वापरतो. खरी अडचण ते प्यायल्यानंतर येते. भाची कापडाच्या दुकानात काम करते. तिथं संडास आहे तो मालकाच्या घरात, मागायची चोरी. म्हणून ती निघण्याआधी पाणी पीत नाही, दिवसभर थोपवून धरते, मग ‘चिगरी’ या शहरबसनं घरी. थोपवलेल्या लघवीत जंतूंना वाढायला वेळ मिळतो. चिठ्ठीवर ‘भरपूर पाणी’ लिहिणाऱ्यानं खरं तर एक चिठ्ठी मालकाच्या नावेही लिहायला हवी. बाकीची पथ्यं साधी: दर दोन-तीन तासांनी जाऊन यायचं, संबंधांनंतर लगेच जायचं, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही.

गोळ्या संपल्यावर आठवड्यानं पुन्हा कल्चर. ‘नो ग्रोथ’. विहीणबाईंना वाटलं, सुटलो. डॉक्टरांनी पुढच्या कल्चरची तारीख लिहिली, कारण एकदा झालेलं बाळंतपणाआधी परत उलटू शकतं. उलटलं तरी शेवटच्या दिवसांत हेच औषध द्यायचं नाही, नवजात बाळाच्या रक्ताला त्रास होऊ शकतो. तेही कार्डावर लाल शाईनं आलं. खाली आणखी एक ओळ होती, ती त्यांनी विहीणबाईंकडून मोठ्यानं वाचून घेतली: थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या, यातलं काहीही झालं तर घरात काढा नाही, सरळ दवाखान्यात भरती.