शिष्टमंडळाबरोबर परदेशी जाण्यापूर्वी : गूळ उत्पादक सभासदांसाठी चार प्रश्न



मागच्या महिन्यात गट ऑफिसात आपल्यातलेच एक तरुण सभासद आले. घरचे गुऱ्हाळ आहे. एक किलोच्या भेल्या आणि गूळ पावडर करून पुण्या-मुंबईला विकतात. दुबईला निघालेल्या एका व्यापारी शिष्टमंडळाचे पत्रक त्यांच्या हातात होते. म्हणाले, "साहेब, पैसे भरायची तारीख जवळ आलीय. आईचे दागिने गहाण टाकायची तयारी आहे. जाऊ का नको?"

ऊस विकास विभागाला गुळाचे विचारले म्हणून काहींना हसू येईल. नोंदीचा ऊस कारखान्यालाच आला पाहिजे, हे आम्ही सांगत आलो आहोत व पुढेही सांगणार. पण नोंदीबाहेरच्या उसावर सभासदाच्या घरचा मुलगा धंदा उभा करीत असेल, तर त्याला खड्ड्यात पडू न देणे हेही आमचेच काम आहे. आम्ही त्यांना हो-नाही सांगितले नाही. चार प्रश्न विचारले. ते सर्वांच्या उपयोगी पडतील म्हणून येथे देत आहोत.

आधी शिष्टमंडळ म्हणजे काय ते पाहू. पाच-पंचवीस व्यावसायिक एकत्र परदेशी जातात. तेथील आयातदारांशी गाठी ठरविलेल्या असतात, बाजार व गोदामे दाखवितात. कधी त्याला जोडून प्रदर्शनात गाळा असतो. दुबईत दरवर्षी भरणारे गल्फूड हे असेच खाद्यपदार्थांचे मोठे प्रदर्शन आहे. शेतमालासाठी अशा कामात केंद्राची अपेडा ही संस्था असते; ती १९८५ च्या कायद्याने स्थापन झाली. व्यापारी मंडळेही शिष्टमंडळे नेतात. त्यातले जुने महाराष्ट्र चेंबर १९२७ साली ज्यांच्या पुढाकाराने निघाले, ते वालचंद हिराचंद पुढे साखर धंद्यातलेही मोठे नाव झाले. परंतु शिष्टमंडळाच्या नावाखाली नुसती सहल विकणारेही आहेत. म्हणून पत्रकात प्रेक्षणीय स्थळे किती व आयातदारांच्या भेटी किती, हे आधी मोजावे. भेटणाऱ्या आयातदारांची यादी मागावी. यादी देत नसतील तर पैसे भरू नयेत.

पहिला प्रश्न : माल किती देणार?

वीस फुटी कंटेनरात साधारण वीस टन गूळ धरा. शंभर किलो उसाला दहा-अकरा किलो गूळ पडतो. म्हणजे एका कंटेनरला दोनशे टनांच्या आसपास ऊस लागला; एकरी चाळीस टन धरले तर पाच एकर झाले. आयातदार "एक पाठवा" म्हणून थांबत नाही, "दर महिन्याला किती?" असे विचारतो. एकट्याला जमत नसेल तर चार-पाच गुऱ्हाळवाल्यांनी एक व्हावे. द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी १९९१ साली महाग्रेप्स उभी केली ती याच विचाराने. त्यांचाही माल सुरुवातीला परदेशात नाकारला गेला होता. पण संस्था एकत्र होत्या, म्हणून पूर्वशीतकरण व शीतगृहाची सोय करून पुन्हा उभ्या राहिल्या. एकटा शेतकरी तिथेच संपला असता.

दुसरा प्रश्न : माल कसला आहे?

आपल्याकडे पिवळाधमक गूळ दिसला की सौद्यात बोली चढते. त्यापायी काहिलीत हायड्रॉस पडते, हे कोणापासून लपलेले नाही. आपल्याच अन्न कायद्यात गुळातील सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोला ७० मिलिग्रॅम आहे. परदेशी आयातदार नमुना प्रयोगशाळेत घालतो. तो तुमच्या गुळव्याच्या अनुभवावर नाही, कागदावर विश्वास ठेवतो. म्हणून जाण्यापूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल घ्यावा, आणि नमुन्याला जो गूळ दिला तोच कंटेनरात भरावा. आखाती देशांत वेष्टनावर अरबी मजकूर लागतो, तोही ठरवून ठेवावा. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या नावाने विकायचे असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी लागते.

तिसरा प्रश्न : भाव कोणता सांगणार?

गुऱ्हाळावरचा भाव तेथे चालत नाही. न्हावाशेवा बंदरात बोटीवर चढेपर्यंतचा भाव एक, आणि बोटभाडे व विमा धरून त्यांच्या बंदरापर्यंतचा भाव दुसरा. पहिल्याला एफओबी, दुसऱ्याला सीआयएफ म्हणतात. दोन्ही डॉलरमध्ये काढून कागदावर न्यावेत. उसाचा दर, मजुरी, पोती-खोकी, ट्रकभाडे व कस्टम एजंटचा खर्च धरल्याशिवाय आकडा बोलू नये. तेथे एकदा कमी भाव तोंडून गेला की मागाहून वाढवून मिळत नाही.

चौथा प्रश्न : पैसे कसे येणार?

गोड बोलण्यावर माल सोडू नये. सुरुवातीस काही रक्कम आगाऊ घ्यावी, अथवा बँकेमार्फत पतपत्र उघडून घ्यावे. उधारीवरच द्यावा लागला तर ईसीजीसीचा विमा घ्यावा. ही सरकारी कंपनी १९५७ पासून या कामात आहे. आमच्या ओळखीच्या एका बेदाणेवाल्याने पहिलाच कंटेनर निव्वळ ओळखीवर पाठविला. वसुलीसाठी त्यांना दोन वर्षे फोन करावे लागले, आणि शेवटी निम्मेच पैसे आले.

कागदपत्रांत आयात-निर्यात क्रमांक प्रथम काढावा. तो ऑनलाइन मिळतो, फी ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती अद्ययावत करावी लागते, नाहीतर क्रमांक बंद पडतो. अपेडाची नोंदणी व अन्न परवानाही लागतो. संयुक्त अरब अमिरातीशी आपला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्यातील जकात सवलत घ्यायची झाल्यास माल भारतात तयार झाल्याचा दाखला लागतो. काही शिष्टमंडळांत विमानभाडे वा गाळाभाड्याचा काही भाग शासन सोसते. त्या त्या वेळचे परिपत्रक स्वतः वाचावे, दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये.

शेवटचे आणि महत्त्वाचे : शिष्टमंडळ ऑर्डर देत नाही, ओळख देते. खरे काम घरी आल्यावर सुरू होते. आठ दिवसांच्या आत प्रत्येकाला पत्र, भावपत्रक व मागेल त्याला नमुना गेला पाहिजे. ऊस लावला आणि पाणी दिले नाही तर काय होते, हे आपणास सांगायला नको.

त्या तरुण सभासदाला पहिल्या व दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. ते प्रांजळपणे म्हणाले, "मग आत्ता नको." दागिने घरीच राहिले. आता त्यांनी शेजारच्या तीन गुऱ्हाळवाल्यांना बरोबर घेतले आहे, हायड्रॉस बंद केले आहे आणि नमुना तपासायला दिला आहे. दुबईआधी दिल्लीच्या आहार प्रदर्शनात जायचे ठरले आहे. तेथे परदेशी आयातदार येतात आणि जायला रेल्वेचे तिकीट पुरते. त्यानंतर जरूर दुबईला जावे, आमची ना नाही.

ज्या सभासदांच्या मनात असा विचार असेल त्यांनी पैसे भरण्यापूर्वी पत्रक घेऊन गट ऑफिसात यावे. बसून हिशेब करू.

— ऊस विकास अधिकारी