पट्टी काळी का पडते?

आपल्या महाड-पोलादपूरच्या भातखाचरांच्या मुलखात तांदळाची पेज घरोघरी होते. तिचे गाळलेले पाणी घ्या. काडीने त्याची एक रेघ वहीच्या कागदावर आणि एक गाळणकागदावर ओढा. वाळल्यावर दोन्ही कागद आयोडीनच्या अगदी पातळ द्रावणात बुडवा. गाळणकागदावर निळी-काळी रेघ ठसठशीत उमटेल. वहीचा कागद मात्र बहुधा सगळाच निळा पडेल आणि रेघ त्यात हरवेल. असे का? आयोडीन स्टार्च ओळखते. तो पेजेतला की कागदाला दिलेल्या खळीतला, हे त्याला कळत नाही!

'वेस्टर्न ब्लॉट' या प्रथिने ओळखण्याच्या पद्धतीतही हीच अडचण येते. ही पद्धत १९७९ साली टोबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. विद्युत क्षेत्रात प्रथिने जेलमधून सरकतात. लहान पुढे, मोठी मागे. मग ती एका पातळ पटलावर उतरवतात. हव्या त्या प्रथिनाला एक प्रतिपिंड चिकटते, त्याला दुसरे. दुसऱ्याला जोडलेल्या विकरामुळे प्रकाश निघतो आणि फिल्मवर काळा पट्टा उमटतो. पण पटल कोणतेही प्रथिन धरून ठेवते, आणि प्रतिपिंड हेही प्रथिनच. ते मोकळ्या जागी चिकटले, की सारी फिल्म काळी!

मग फिल्म जास्त वेळ ठेवावी का? समजा, पट्ट्याची तीव्रता ६ आणि पार्श्वभूमीची ३ आहे. वेळ दुप्पट केल्यास १२ आणि ६ होतील. गुणोत्तर २ च राहील. पार्श्वभूमी १ वर आणली, तर मात्र ते ६ होईल.

त्यासाठी मोकळ्या जागा आधीच भरतात. साय काढलेल्या दुधाच्या भुकटीचे सुमारे ५ टक्के द्रावण त्यासाठी चालते. शिवाय प्रतिपिंड अधिक विरल करावे, पटल पुनःपुन्हा धुवावे, ते वाळू देऊ नये. मात्र एका वेळी एकच बदल करावा. नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. पहिले प्रतिपिंड न घालताही पटल काळे पडले, तर दोष दुसऱ्या प्रतिपिंडात, जागा भरण्यात किंवा धुण्यात शोधावा.

एच.आय.व्ही.च्या निदानाची खात्री करण्यासाठी ही चाचणी अनेक वर्षे वापरली गेली. तिथे एका पुसट पट्ट्यावर माणसाचे आयुष्य टांगलेले असे.

आता रेघ न ओढलेला वहीचा कागद आयोडीनमध्ये बुडवा. तो काय सांगतो, ते गुरुजींना समजावून द्या.