जोडगोळीच्या आधी विडीची चौकशी

स्किझोफ्रेनियावरील दोन निरनिराळी औषधे पुऱ्या मात्रेत, प्रत्येकी निदान 6 आठवडे देऊनही ज्याचे भास आणि संशय हटत नाहीत, अशा रुग्णासाठी, 1988 साली अमेरिकेतील जॉन केन यांच्या प्रयोगाने क्लोझापिनची श्रेष्ठता सिद्ध झाल्यापासून, त्याच्या तोडीचे औषध अद्याप रुजू झालेले नाही. क्लोझापिनही अपुरे पडल्यास अमिसल्प्राइड वा अरिपिप्राझोल यांची जोड देण्याची वहिवाट आहे. तिचा पुरावा मात्र, माझ्या मते, उमेदीच्या मानाने तोकडाच. म्हणून जोडगोळीची तजवीज करण्यापूर्वी मूळ गोळी रक्तात पुरेशी उतरते काय, याची चौकशी व्हावी. आणि चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरीसारख्या तेंदूपत्त्याच्या मुलखात ती चौकशी विडीपाशी येऊन ठेपते. तंबाखूचा धूर यकृतातील एका विकरास चेतवून क्लोझापिनचा निचरा लवकर करवितो. चघळला जाणारा खर्रा, त्याचे इतर अपराध कितीही असोत, याबाबतीत निर्दोष आहे. उलट विडी एकाएकी सुटली, तर तीच मात्रा रक्तात चढून घातक ठरू शकते. शिवाय क्लोझापिनने पांढऱ्या पेशी घटण्याच्या भयास्तव (1975 साली फिनलंडात याच कारणाने रुग्ण दगावले होते) पहिले 18 आठवडे दर आठवड्यास रक्त तपासावे लागते. पेशींची ही गणना तालुक्याच्या ठिकाणीच झाली, तर चंद्रपूरचा हेलपाटा आणि बुडणारी मजुरी, दोन्ही वाचतात.