पोरगं संशोधनाला लागलं? लॅबमधली सुरक्षा घरच्यांनीही समजून घ्या

नशिराबाद (ता. जळगाव) : नशिराबाद, भादली, असोदा या पट्ट्यातली अनेक मुलं-मुली बारावी सायन्सनंतर बी.एस्सी., एम.एस्सी. करतात. त्यातली काही पुढे जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात किंवा पुण्या-मुंबईच्या संस्थांत संशोधनाला लागतात. पोरगं पीएच.डी. करतंय याचा घरात अभिमान असतो. पण दिवसभर ते कशाशी खेळतं, हे घरी फारसं कोणाला ठाऊक नसतं.

प्रॅक्टिकल आणि संशोधनात फरक काय?

कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये प्रयोग ठरलेला असतो, रसायन थोडं असतं आणि सर समोर उभे असतात. संशोधनात प्रयोग नवा असतो, रसायन जास्त लागतं आणि काम रात्री उशिरापर्यंत चालतं. अनेकदा विद्यार्थी एकटाच असतो. धोका वाढतो तो इथेच.

याआधी काय घडलं?

मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत 29 डिसेंबर 2009 रोजी आग लागली. त्यात दोन तरुण संशोधकांचा जीव गेला. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 5 डिसेंबर 2018 रोजी स्फोट झाला. एक संशोधक दगावला, तिघे जखमी झाले.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात डिसेंबर 2008 मध्ये 23 वर्षांची संशोधन सहायक सिरिंजने एक रसायन ओढत होती. हवा लागताच पेट घेणारं ते रसायन सांडलं. तिच्या अंगावर लॅब कोट नव्हता, सिंथेटिक स्वेटर होता. अठरा दिवसांनी तिचा मृत्यू झाला.

लॅबचा निष्काळजीपणा बाहेरच्यालाही भोवतो. दिल्ली विद्यापीठात 1970 पासून असलेलं आणि 1985 नंतर वापरात नसलेलं किरणोत्सारी यंत्र फेब्रुवारी 2010 मध्ये भंगारात लिलावाने विकलं गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं. आतल्या कोबाल्ट-60 मुळे एका कामगाराचा मृत्यू झाला, इतर काही जण रुग्णालयात दाखल झाले. त्या कामगारांनी लॅब कधी पाहिलीही नसेल.

नियम काय सांगतात?

नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेला कारखाना अधिनियम 1948 मुख्यतः उत्पादन करणाऱ्या कारखान्यांसाठी होता. शिकणारा विद्यार्थी त्यात कामगार म्हणून धरला जात नव्हता. मात्र गॅस सिलिंडर, घातक कचरा, जैववैद्यकीय कचरा आणि किरणोत्सारी पदार्थ यांचे वेगवेगळे नियम लॅबलाही लागू होतात. रोजची शिस्त लावणं हे गाईड आणि विभागप्रमुखांच्या हातात राहतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याने स्वतः विचारून घेतलेलं बरं.

लॅबमध्ये पाऊल ठेवताच काय पाहायचं?

- प्रत्येक रसायनासोबत सुरक्षा माहितीपत्रक येतं. बाटली उघडण्याआधी ते वाचा. लेबल नसलेल्या बाटलीला हात लावू नका.
- कोट सुती हवा. नायलॉन, पॉलिस्टर पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. ओढणी आणि मोकळे केस बांधून ठेवा, पायात बंद बूट घाला.
- डोळ्यांना चष्मा हवाच. रसायनाप्रमाणे हातमोजा बदलतो. एकच मोजा सगळ्याला चालत नाही.
- विषारी वाफेचं काम फ्यूम हूडमध्येच करा. फवारणी करताना शेतकरी वारा पाठीशी घेतो, तसंच हे आहे. हूडचा पंखा चालू आहे का, ते आधी बघा.
- आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल हळूहळू सोडा. आम्लात पाणी ओतलं तर उकळून अंगावर उडतं.
- गॅस सिलिंडर उभा आणि साखळीने बांधलेला असावा. पडून व्हॉल्व्ह तुटला तर तो गोळ्यासारखा सुटतो.
- उरलेलं रसायन बेसिनमध्ये ओतू नका. कचऱ्याच्या वेगळ्या बाटल्या असतात.
- डोळ्यात रसायन गेलं तर निदान 15 मिनिटं पाण्याने धुवा, मग दवाखाना गाठा. आग लागल्यास 101, रुग्णवाहिकेसाठी 108.
- धोक्याचा प्रयोग एकट्याने किंवा रात्री करू नका.

सांगायला भीती वाटते, पण…

गाईड रागावतील, थिसिस लांबेल या भीतीने मुलं छोटी घटना दडपतात. किरकोळ भडका उडाला, बाटली फुटली, पाईप गळाला, हे त्याच दिवशी लेखी कळवायला हवं. आज थोडक्यात निभावलं, तीच चूक उद्या दुसऱ्याच्या हातून होऊ शकते.

घरच्यांना केमिस्ट्री कळत नसेल, तरी फोनवर जेवण झालं का, हे विचारतानाच आणखी दोन प्रश्न विचारता येतात. लॅबमध्ये कोट-चष्मा मिळाला का? रात्री थांबतोस, तेव्हा सोबत कोण असतं?