गिअरपेटीसाठी योग्य तेलाची निवड

एंजिनातील तेलाकडे वाहनमालकाचे जेवढे लक्ष असते, तेवढे गिअरपेटीतील तेलाकडे क्वचितच असते. ते बदलण्याची वेळ आलीच, तर दुकानात 'सर्वांत भारी' तेल मागितले जाते. क्रमांक मोठा म्हणून तेल सरस, ही समजूत मात्र गिअरपेटीस मारक ठरू शकते.

डब्यावरील '८०डब्ल्यू-९०' हा आकडा तेलाचा दाटपणा दर्शवितो. गिअर तेलाचे ९० हे एंजिन तेलाच्या ४० ते ५० एवढेच दाट असते. दोहोंच्या मोजपट्ट्या निराळ्या आहेत, इतकेच. खरा घोटाळा होतो तो 'जीएल-४' आणि 'जीएल-५' यांमध्ये. मागील आसावरील डिफरन्शियलमध्ये बहुधा हायपॉइड पद्धतीची दंतचक्रे असतात. त्यांचे दाते एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घसरतात व तेलाचा थर तुटतो. म्हणून जीएल-५ तेलात गंधक व फॉस्फरसयुक्त द्रव्ये अधिक प्रमाणात घातलेली असतात. उष्णतेने ती पोलादावर पातळ संरक्षक थर निर्माण करतात.

गिअरपेटीची गरज वेगळी आहे. तेथील सिंक्रोनायझरच्या कड्या पुष्कळदा पितळी असतात. कडी शंकूवर घासते, दोन्ही चक्रांची गती सारखी होते आणि मगच गिअर पडतो. म्हणजे येथे थोडे घर्षण हवेच! तेल अति निसरडे असेल, तर कडी घसरते व गिअर टाकताना खरखर होते. शिवाय काही गंधकयुक्त द्रव्ये तापल्यावर पितळ खातात. दोन्ही वर्गांना चालणारी तेलेही मिळतात. तथापि वाहनाच्या माहितीपुस्तिकेचा शब्द अंतिम मानावा.

ट्रॅक्टरधारक शेतकऱ्यांनी तर विशेष दक्षता घ्यावी. अनेक ट्रॅक्टरांत गिअरपेटी, हायड्रॉलिक लिफ्ट व तेलात बुडालेले ब्रेक यांना एकच तेल पुरविले जाते. तेथे साधे गिअर तेल ओतल्यास ब्रेक कर्कश वाजतात व त्यांची पकड कमी होऊ शकते. भरलेली ट्रॉली उतारावर असताना याचा अर्थ काय, हे सांगावयास नको.

जुने तेल काढल्यावर ते पांढऱ्या भांड्यात पाहावे. पिवळी चकाकी दिसल्यास पितळी कड्या झिजत आहेत असे समजावे. तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे. ओढा ओलांडल्यानंतर असे घडते. अशा वेळी तेल त्वरित बदलून झाकणाचे व श्वासनळीचे सील तपासून घ्यावे.