विक्रीपूर्वी घराची डागडुजी : खर्च कोठे करावा, कोठे आवरावा

तालुक्याच्या बाजारपेठेतील जुनी घरे बहुधा एकाच घडणीची असतात. पुढे दुकान, मागे राहणे, वर माळा आणि परसात हौद. आजोबांनी दुकान मांडले, वडिलांनी वर स्लॅब टाकला, मुले शिक्षण-व्यवसायानिमित्त पुण्या-मुंबईस स्थिरावली आणि अखेर एके दिवशी भावंडांच्या बैठकीत घर विकण्याचे ठरते. त्याच बैठकीत पुढचा प्रश्न उभा राहतो : घर आहे तसे विकावे, की काही खर्च करून विकावे?

एक भाऊ म्हणतो, जे दुसऱ्याच्या हाती जाणार त्यावर पैसा कशाला घालवायचा? दुसरा म्हणतो, संगमरवरी फरशी घाला, नवा ओटा करा, भाव आपोआप वाढेल. दोन्ही मते अपुरी आहेत. घर पाहावयास आलेला मनुष्य शोभेचे मोल क्वचितच देतो, परंतु शंकेचे मोल मात्र पुरेपूर वजा करतो. छतावर ओलीचा एक डाग दिसला, की तो संपूर्ण स्लॅबच्या दुरुस्तीचा खर्च मनात धरून भाव मागतो. म्हणून विक्रीपूर्वीच्या खर्चाची कसोटी एकच : या खर्चाने ग्राहकाची खरी शंका दूर होते काय?

प्रथम पाणी

जुन्या घराचा पहिला शत्रू पाणी. गच्चीवर दोन-चार बादल्या पाणी ओतले, तरी ते पन्हळीकडे वाहते की मध्येच साचते हे कळते. साचत असेल तर गवंड्याकडून उतार दुरुस्त करून घ्यावा. गच्ची व कठडा यांच्या सांध्यातील भेगा बुजवाव्यात. पन्हळीतील पालापाचोळा काढावा. भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप मुळासह निघाले पाहिजे, अन्यथा ते पुन्हा फुटते. न्हाणीघरातील फरशीचे सांधे नव्याने भरणे, गळक्या नळाचे वॉशर बदलणे आणि मोरीचा तुंबलेला मार्ग मोकळा करणे ही कामे अल्प खर्चाची आहेत. पण त्यांच्या अभावी भिंत खालून ओल धरते.

ओल थांबली की वाळवीचाही आश्रय तुटतो. लाकडी तुळया आणि चौकटी असलेल्या घरात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. वाळवी लागल्यावर औषध मारण्यापेक्षा तिला थाराच न देणे, हे अहिंसेच्या दृष्टीनेही अधिक उचित होय.

ही कामे उन्हाळ्यात उरकावीत. त्यानंतर एक पावसाळा गेला की दुरुस्तीची परीक्षा आपोआप होते आणि दिवाळीच्या सुमारास येणाऱ्या ग्राहकाला निःशंकपणे भिंत दाखविता येते.

उजेड, दारे आणि मोकळी जागा

दुसरा क्रम विजेचा. उघड्या तारा, जळकट बटणे आणि जुने लाकडी बोर्ड पाहून कोणीही बिचकतो. परवानाधारक वायरमनकडून जोडणी तपासून घ्यावी, अर्थिंग पाहावे, शॉक लागताच वीजप्रवाह तोडणारे उपकरण नसेल तर बसवावे. काळोख्या जिन्यात आणि माजघरात चांगले एलईडी दिवे लावले, तर त्याच घराचे रूप पालटते.

दारांच्या बिजागऱ्यांना तेल, अडकणारी कडी सरळ, फुटलेली काच नवी : एका सुताराचे दोन दिवसांचे काम. मुख्य दाराला मात्र नीट पॉलिश करावे, कारण ग्राहकाचा हात प्रथम तेथेच लागतो.

आणि सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणजे घर रिकामे करणे. माळ्यावरील रिकामे डबे, मोडके तराजू, पोत्यांच्या थप्प्या काढल्या की खोलीची खरी लांबी-रुंदी दिसते. मात्र जुन्या चोपड्या रद्दीत टाकण्याची घाई करू नये. त्यांचे कारण पुढे येईल. घरात जिनमूर्ती विराजमान असल्यास त्यांच्या विधिपूर्वक स्थलांतराविषयी संघातील जाणत्यांचा विचार आधीच घ्यावा. तो विषय व्यवहाराच्या शेवटच्या आठवड्यावर सोडू नये.

रंग शेवटी

रंग हा सर्वांचा आवडता खर्च, म्हणून तो बहुधा अवेळी होतो. ओल्या भिंतीवर चढविलेला रंग काही महिन्यांत पापुद्रे धरतो. भिंत पूर्ण वाळल्यावर, भेगा भरून, फिकट रंगाचा साधा हात पुरे. प्रत्येक खोलीला निराळा भडक रंग देण्याचे प्रयोजन नाही. नवा मालक आपल्या आवडीने रंग देणारच आहे.

हात कोठे आखडावा

संगमरवरी फरशी, नव्या घडणीचे स्वयंपाकघर, शोभेचे छत यांचा खर्च मोठा आणि वसुली अनिश्चित असते. यामागील कारण बँकेच्या व्यवहारात आहे. खरेदीदार कर्ज काढणार असेल, तर बँकेचा मूल्यांकनकार घरी येतो. तो जागेचा त्या भागातील दर, बांधकामाचे वय, मजबुती आणि मंजूर नकाशा पाहतो. शोभेच्या वस्तूंना त्याच्या अहवालात फारसे स्थान नसते. उलट गळके छत आणि परवानगीवाचून वाढविलेली खोली या गोष्टी त्यात नेमक्या उतरतात.

उदाहरणादाखल, सौदा ६० लाखांचा ठरला. ३० लाखांहून अधिक व ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मालमत्तेच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. म्हणजे खरेदीदार ४८ लाखांचे कर्ज गृहीत धरतो. परंतु मूल्यांकन ५४ लाखांचे आले, तर कर्ज ४३ लाख २० हजारांवर थांबते. उरलेले ४ लाख ८० हजार त्याने आणावयाचे कोठून? अनेक सौदे भावाच्या घासाघिशीत नव्हे, तर या ठिकाणी मोडतात. संगमरवर हा फरक भरून काढीत नाही. गच्चीची वेळीच केलेली दुरुस्ती मात्र मूल्य घसरण्याचे एक कारण दूर करते.

दोष झाकणे आणि दोष काढणे

मालावरची धूळ झटकून तो नीट मांडणे ही व्यापाऱ्याची रीत. ओला माल कोरड्या थराखाली दडविणे ही खोट. घराच्या बाबतीत कायदाही हाच भेद करतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदारास सामान्य दक्षता घेऊनही न उमगणारा मिळकतीतील किंवा तिच्यावरील हक्कातील महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगावयाचा असतो. तो लपविणे कपटाचे मानले जाते. गंजून फुगलेल्या सळईवर गिलावा चढवून रंग देणे ही म्हणूनच डागडुजी नव्हे. जी दुरुस्ती आवाक्याबाहेर आहे ती न करता स्पष्ट सांगावी आणि भावात तेवढी सूट द्यावी. त्यात काही रक्कम कमी मिळेल, पण पेठेतील तीन पिढ्यांची पत कमी होणार नाही.

कागदांची डागडुजी

भिंतीइतकीच दुरुस्ती कागदांनाही लागते आणि ती बहुधा अधिक स्वस्त असते. मालमत्ता पत्रकावर अद्याप आजोबांचे नाव असेल, तर वारसनोंद प्रथम करावी. दुकानासाठी कधीकाळी घर तारण ठेवले होते, कर्ज फिटले, पण बोजाची नोंद तशीच राहिली, असे पुष्कळदा आढळते. बँकेचे येणे-बाकी नसल्याचे पत्र काढून तो बोजा उतरवून घ्यावा. घरपट्टी व पाणीपट्टी भरून पावत्या एकत्र लावाव्यात. सदनिका असेल तर भागपत्र आणि संस्थेचा थकबाकी नसल्याचा दाखला जवळ ठेवावा.

बहिणींचा विषय तर कधीच गृहीत धरू नये. हिंदू उत्तराधिकार अधिनियम जैन कुटुंबांनाही लागू आहे. वडिलांचे मृत्युपत्र नसेल, तर त्यांच्या मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. ‘ताईला काही नको आहे’ हे बैठकीतील वाक्य दस्त होत नाही. तिने हक्क खरोखर स्वेच्छेने सोडला, तरच नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे; नसता विक्रीखतावर तिची सही आणि किमतीत तिचा वाटा असावा.

चोपडीचे मोल

आता जुन्या चोपड्यांचे कारण. घर विकल्यावर भांडवली नफ्यावर कर लागतो. नव्या स्लॅबचा, वाढीव खोलीचा किंवा विंधनविहिरीचा खर्च १ एप्रिल २००१ नंतर झाला असेल आणि त्याचा पुरावा असेल, तर तो सुधारणेचा खर्च म्हणून नफ्यातून वजा मागता येतो. केवळ रंग व किरकोळ दुरुस्ती सामान्यतः त्यात धरली जात नाही. वडिलांनी नीट लिहिलेले एक पान आणि त्यासोबतच्या पावत्या येथे हजारो रुपये वाचवू शकतात. आताच्या कामाची देणीही पक्की बिले घेऊन बँकेमार्फतच द्यावीत. विसाराची रक्कम घेताना स्मरणात ठेवावे, की स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास मनाई आहे. करविषयक निर्णय सौदा होण्यापूर्वी सल्लागाराला विचारून घ्यावेत.

या सर्वांचा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे : कागद आणि पाणी आधी, वीज व दारे त्यानंतर, रंग शेवटी. ज्या घराने कुटुंबाला उभे केले, ते पुढच्या कुटुंबाच्या हाती कोरडे, स्वच्छ आणि निर्वेध सोपविणे हा त्या घराचाही सन्मान आहे. किल्ल्या दिल्यानंतर पहिल्याच पावसात नव्या मालकाचा तक्रारीचा फोन येणार नाही, ही खात्री असणे हेच चांगल्या सौद्याचे लक्षण होय.